काळाचौकीच्या हवेला कोणते सूत?

विणलेला कपडा म्हटले की डोळ्यांपुढे स्वेटर येतो. काळाचौकी-लालबागच्या हवेत स्वेटर कपाटाबाहेर येतो तो डिसेंबर-जानेवारीतल्या मोजक्या सकाळी. गंजीफ्रॉक मात्र बारा महिने अंगावर असतो, आणि तोही विणलेलाच. गंजीफ्रॉक, टी-शर्ट, पायमोजे, बाळाचे टोपडे, मंडळाचा बाप्पा छापलेला टी-शर्ट हे सगळे टाक्यात टाका गुंतवून तयार होतात. यंत्रावर झाले की आपण होजिअरी म्हणतो, सुयांवर झाले की विणकाम. साडी, धोतर, शर्टपीस ही मागावरची, ताण्याबाण्याची मंडळी. त्यांचा विषय वेगळा.

हा फरक आधी सांगायचे कारण असे की मागावरचे कापड अंगापासून जरा सुटे राहते. टाक्यांचे कापड ताणले जाते, अंगाला लागून बसते आणि घाम सगळ्यांत आधी त्याच्या वाट्याला येतो. धोतरात हलके सूत खपून जाईल, गंजीफ्रॉकात ते दुपारपर्यंत जीव नकोसा करते. म्हणून असा कपडा घेताना किंवा विणताना रंग, वीण आणि किंमत यांच्या आधी धागा कशाचा आहे ते पाहावे.

माझे मत सुरुवातीलाच सांगून टाकते. मुंबईत राहणाऱ्याने टाक्यांच्या कपड्यासाठी कापूस घ्यावा, लोकर प्रवासासाठी राखून ठेवावी, आणि बाळंतविड्यासाठी ‘बेबी वूल’ म्हणून जे गुबगुबीत गुंडे मिळतात त्यांचे लेबल वाचल्याशिवाय पर्समध्ये हात घालू नये.

कापूस बोटांनी ओळखावा

काळाचौकीच्या माणसाला कापूस शिकवायला जाणे म्हणजे आगाऊपणा. नाक्यावरून पूर्वेला चालत गेले की कॉटन ग्रीन. १९२१ साली स्थापन झालेल्या कापूस व्यापाऱ्यांच्या संघटनेचे, आजच्या कॉटन असोसिएशन ऑफ इंडियाचे कार्यालय अजून तिथल्या कॉटन एक्स्चेंजच्या इमारतीत आहे. शेतातून येतो तो कापूस. त्यातली सरकी काढली की उरते ती रुई, साधारण एक तृतीयांश. ती दाबून बांधली की १७० किलोची गाठ. त्या गाठींचे सूत करणाऱ्या गिरण्या इथेच, हाकेच्या अंतरावर होत्या. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या २ आणि ३ क्रमांकांच्या जागेवर आता महापालिकेने वस्त्रसंग्रहालयाचे काम हाती घेतले आहे, म्हणजे जे आपल्या आजोबांनी हाताळले ते आपण तिकीट काढून पाहणार. शेजारी गिरणीच्या त्रासनखात्यात, म्हणजे कताईत, किंवा वायंडिंगमध्ये काम केलेले कोणी आजोबा असतील तर सूत घेताना त्यांना बरोबर न्या. चिमटीत धागा धरून ते जे सांगतील ते लेबलावर छापलेले नसते.

ते नेमके काय पाहतात? तंतूची लांबी. कापसाच्या व्यापारात भाव मुख्यतः या लांबीवर ठरतो. २० मिलिमीटरपर्यंतचा आखूड धाग्याचा, २७.५ ते ३२ लांब धाग्याचा आणि ३२.५ च्या वर अतिलांब. आपल्याकडे १९७४ साली कोइमतूरला तयार झालेला ‘सुविन’ हा अतिलांब धाग्याचा कापूस जगातल्या उत्तम वाणांत धरला जातो; सुजाता आणि सेंट व्हिन्सेंट या दोन वाणांच्या संकरातून तो आला, नावही त्या दोघांवरूनच. तंतू लांब असला की पीळ कमी देऊनही सूत मजबूत राहते. होजिअरीला हवे असते ते असे कमी पिळाचे, मऊ सूत. आखूड तंतूंच्या सुताला धरून ठेवायला जास्त पीळ द्यावा लागतो, तरी टोके बाहेर येत राहतात. दोन-चार धुण्यांत कापडावर गोळे येतात ते याच टोकांचे. गंजीफ्रॉकच्या वेष्टनावर ‘कोम्ब्ड कॉटन’ लिहिलेले असते त्याचा अर्थ आखूड तंतू विंचरून काढून टाकले आहेत. हे दोन शब्द असतील तर थोडे जास्त पैसे मोजायला हरकत नाही.

हे घरीही पाहता येते. गुंड्याच्या टोकाचा वीतभर धागा घ्या. दोन्ही हातांच्या चिमटीत धरून पिळाच्या उलट दिशेने फिरवत जा. पीळ सुटला, पदर वेगळे झाले की एकच पदर धरा आणि हलकेच ओढा. न तुटता तो सरकून सुटला पाहिजे. सुटलेल्या टोकाशी काळ्या कागदावर पाहिले तर तंतू सुटे दिसतात. ते बोटाच्या एका पेराएवढे किंवा जास्त भरले तर माल चांगला. तांदळाच्या दोन दाण्यांएवढे तुकडे असतील तर त्या सुताचा स्वेटर दुसऱ्या हिवाळ्यात केसाळ होणार. आणि तंतू संपतच नसेल, एकसलग लांबच लांब निघत असेल तर तो कापूस नव्हेच. रेशीम असेल किंवा, त्या किमतीला बहुधा, पॉलिस्टर.

सुताच्या नंबराचाही उल्लेख करायला हवा. सुताचा नंबर म्हणजे एक पौंड सुतात ८४० वारांच्या किती लडी बसतात तो आकडा. नंबर चढला की सूत बारीक. अंगालगतच्या टी-शर्टाला ३० नंबर सर्वसाधारण. याहून खोलात आपल्याला जायचे कारण नाही. ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी माटुंग्याला कापूस तंत्रज्ञानाची केंद्रीय संशोधन संस्था आहे; ‘सिरकॉट’ या नावाने ती ओळखली जाते आणि १९२४ पासून ती तंतूंची लांबी, जाडी, ताकद मोजत आली आहे.

‘सेंद्रिय कापूस’ या छापाबद्दल लोक विचारतात. शेतात रासायनिक खते-औषधे पडली नाहीत ही मोलाची गोष्ट आहे, त्यासाठी पैसे द्यायचे तर जरूर द्या. पण त्याने सूत आपोआप मऊ होत नाही. मऊपणा तंतूच्या लांबीत आणि पिळात आहे.

काडी, चिमटा आणि पाण्याचा थेंब

दुकानदाराने ‘प्युअर कॉटन’ म्हटले, लेबल फाटलेले आहे, आत्याने कपाटातून काढून दिलेले जुने गुंडे आहेत. अशा वेळी काडी लावून पाहावे. मोरीत, स्टीलच्या ताटलीवर, चिमट्यात बोटभर धागा धरून. कापूस चटकन पेटतो, जळत्या कागदाचा वास येतो, मागे राखाडी भुरभुरीत राख. लोकर कुरकुरत जळते, काडी बाजूला केली की बहुधा स्वतःच विझते, जळक्या केसांचा वास येतो, आणि राहिलेला काळा गोळा बोटाने चुरडता येतो. रेशमाचेही तसेच. ॲक्रिलिक वितळत, काळा धूर सोडत जळते आणि टोकाला टणक काळा मणी उरतो, जो दगडाने फोडावा लागेल. तो मणी गरम असताना बोटाला चिकटतो, म्हणून मुलांसमोर हा प्रयोग नको.

मिश्र धाग्यात दोन्ही खुणा एकत्र दिसतात: कागदाचा वास आणि राखेत टणक कण. ‘मिल्क कॉटन’ नावाने विकले जाणारे गोजिरवाणे रंगीत गुंडे एकदा असे जाळून पाहा. नावात दूध आणि कापूस आहे. लेबलाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत बहुधा ॲक्रिलिकचा मोठा वाटा निघतो.

काडीने जे कळत नाही ते व्हिस्कोज. ते लाकडाच्या किंवा बांबूच्या लगद्यापासून रासायनिक क्रियेने करतात, मूळ पदार्थ कापसासारखाच असल्याने जळतेही कापसासारखेच. इथे पाणी लागते. धाग्याच्या मधोमध ओले बोट फिरवा आणि दोन्ही टोके ओढा. व्हिस्कोज ओल्या जागी पटकन तुटते, कारण भिजल्यावर त्याची जवळपास निम्मी ताकद जाते. कापूस भिजल्यावर उलट बळकट होतो. तुटला तर कोरड्या भागात तुटेल.

सध्या ‘बांबू’चे मोजे, बांबूची बनियन, बांबूचे बाळकपडे यांची चलती आहे. बाजारातले हे कापड जवळजवळ सगळे व्हिस्कोजच असते. ते वाईट आहे असे मी म्हणत नाही. गार लागते, घाम शोषते, मऊ असते. पण बांबूच्या पेराचा तंतू काढून विणले आहे या समजुतीवर दुप्पट किंमत देऊ नका, आणि ओले असताना पिळू नका.

इतके करून कापसालाच का धरून बसायचे? हवेतले पाणी. मुंबईत जून ते सप्टेंबर हवा चिंब असते आणि ऑक्टोबरात वरून ऊन. कोरडा वाटणारा कापूसही स्वतःच्या वजनाच्या आठ टक्क्यांच्या आसपास ओल धरून असतो. जवस म्हणजे लिननचा तंतू बारा टक्के, लोकर सोळा. ॲक्रिलिकचा आकडा दीड-दोन टक्के, पॉलिस्टरचा अर्ध्या टक्क्याहूनही कमी. घामाची वाफ धाग्यात शिरणार की कातडीवर थेंब होऊन बसणार, हे या आकड्यांवर ठरते. कापसाचा दोषही त्यातच आहे. एकदा पुरता भिजला की तो वाळायचे नाव घेत नाही, जुलैत चाळीच्या गॅलरीत दोन दिवस टांगलेला गंजीफ्रॉक सगळ्यांना माहीत आहे.

बाळंतविडा

टोपडे, स्वेटर, मोजे, दुपटे. सातव्या-आठव्या महिन्यात मावश्या-आत्या सुया काढतात आणि दादरला रानडे रोडच्या बाजूला जाऊन फिका गुलाबी, पिवळा, मोतिया असे गुंडे घेऊन येतात. त्यांच्या पिशवीत बहुतेक वेळा ॲक्रिलिक असते. त्याची लोकप्रियता मी समजू शकते: स्वस्त, हलके, धुवायला सोपे, रंग पक्का, कसर लागत नाही. सुयांवरून ते सुरसुर सरकते. पण बाळाला घाम आला हे सांगता येत नाही, आणि लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत, गॅस पेटलेला असताना, ॲक्रिलिकच्या टोपड्याखाली टाळू ओली होते. रात्री पंख्याखाली तीच ओल गार पडते.

बाळासाठी चार पदरी मर्सराइज न केलेले, मऊ पिळाचे सुती सूत घ्यावे. मर्सराइज केलेल्या सुताला कॉस्टिक सोड्याच्या प्रक्रियेने चमक आणि ताकद येते. अँकरच्या क्रोशाच्या गुंड्यांत ती चमक दिसते. तोरण, रुमाल, दुपट्याची किनार यासाठी ते उत्तम. मानेला मात्र किंचित टोचते.

सुती सूत हाताळताना ॲक्रिलिकच्या सवयी सोडाव्या लागतात. कापूस जड असतो. ज्या स्वेटरला ३०० ग्रॅम ॲक्रिलिक लागते त्याला तेवढ्याच जाडीचे सुती सूत साधारण ४०० ग्रॅम लागेल, तेव्हा हिशेब करून घ्या. कापसाला लवचीकपणा कमी, त्यामुळे एक सुलट एक उलट अशी बॉर्डर विणली तरी ती ॲक्रिलिकसारखी आवळून बसत नाही, काही दिवसांत सैल पडते. अंगाला दहा नंबरच्या सुया वापरत असाल तर बॉर्डरला बारा नंबरच्या घ्या. विणायच्या आधी दहा सेंटिमीटरचा चौकोनी नमुना विणून, नेहमी धुता तसा धुऊन, वाळवून मग टाके मोजा. सुती नमुना धुतल्यावर उंचीला आटतो आणि रुंदीला पसरतो. हे न पाहता विणलेला स्वेटर आखूड आणि ऐसपैस होतो, बाळ त्यात पोत्यात बसल्यासारखे दिसते.

बाळाच्या कपड्यात जाळीची वीण कितीही शोभली तरी हात-पायमोज्यांना ती नको; बोटे अडकतात. मोज्याच्या आतल्या बाजूला सुटे दोरे राहू देऊ नका. असा एखादा दोरा बाळाच्या पायाच्या बोटाला आवळून बसतो, बाळ रडत राहते आणि कारण कोणाच्या लक्षात येत नाही. प्रत्येक टोक सुईने आत दडवून, मोजा उलटा करून, स्वतःच्या बोटांनी आतून फिरून पाहा. गळ्याला नाडी-रिबन न लावता खांद्यावर बटण लावावे. केसाळ, फुलारलेला धागा, अंगोरा-मोहेर वगैरे, बाळाच्या तोंडात जातो. तो मोठ्यांच्या शालीसाठी ठेवा.

गडद रंगाचे सूत असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहा. रंग लागला तर ते सूत बाळासाठी बाद. मिठाच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होतो ही समजूत घरोघरी आहे, पण मीठ उपयोगी पडते ते रंगवताना. सुटणारा रंग त्याने मागाहून बसत नाही.

मंडळाचे टी-शर्ट

आता जरा भांडणाचा विषय. दरवर्षी श्रावणात मंडळांच्या टी-शर्टांच्या ऑर्डरी जातात, आणि बहुतेक ‘ड्राय-फिट’ पॉलिस्टरच्या. कारण सरळ आहे: स्वस्त पडते, आणि पुढून-मागून बाप्पासकट सगळे रंगीत छापता येते. भाद्रपदातल्या उकाड्यात रांग सांभाळत दहा-बारा तास उभ्या राहणाऱ्या कार्यकर्त्याला मात्र तो टी-शर्ट संध्याकाळपर्यंत वास मारायला लागतो. पॉलिस्टर घाम पसरवून वाळवते हे खरे, पण त्यासाठी वारा लागतो. लालबागच्या गर्दीत वारा कुठला?

रांगेवरच्या, मंडपातल्या लोकांसाठी शंभर टक्के सुती, सिंगल जर्सी, १६० ते १८० जीएसएमचा टी-शर्ट सांगावा. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधले वजन. पुरवठादाराचा शब्द पडताळायचा तर नमुन्याच्या कापडाचा दहा बाय दहा सेंटिमीटरचा तुकडा कापून नाक्यावरच्या सोनाराकडे वजन करून घ्या. १.८ ग्रॅम भरला तर १८० जीएसएम. १.३ भरला तर ऑर्डर द्यायच्या आधी बोला. कापड आधी धुऊन आटवलेले आहे का हेही विचारा, नाहीतर विसर्जनाच्या दिवशी एक्सएलचा एल झालेला असतो. गळ्याच्या पट्टीत पाच टक्के लायक्रा असेल तर तेवढ्यावरून वाद घालू नये. त्याने गळा लोंबत नाही.

छपाईचेही पाहा. रबरासारखी जाड छपाई जिथे असते तिथून हवा जात नाही. पाठभर नेत्यांचे फोटो छापले की सुती टी-शर्टाचा निम्मा फायदा तिथेच संपतो. फोटो लहान करायला सांगणे कोणत्याही मंडळात अवघड असते, याची मला कल्पना आहे.

गोविंदा पथकाचे मात्र उलटे. दहीहंडीला पाऊस आणि वरून पाण्याचा मारा. भिजलेला सुती टी-शर्ट जड होतो, ओढला गेला की लांबतो. तिथे पॉलिस्टर किंवा निम्मे पॉलिस्टर घातलेले मिश्र कापडच ठीक. नैसर्गिक धागा प्रत्येक ठिकाणी चांगलाच, असा हट्ट कामाचा नाही.

लोकर कधी

मुंबईत अस्सल लोकरीचा स्वेटर घालून हिंडणे म्हणजे हौस. पण केदारनाथ, मनाली, लडाखची सहल ठरली असेल, किंवा मुलगी शिकायला थंड देशात निघाली असेल, तर लोकरीला तोड नाही. स्वतःच्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत ओल पोटात घेऊनही ती अंगाला ओली लागत नाही. सुती बनियन घामाने भिजून डोंगरावर गार पडते तेव्हा हा फरक जिवावरचा ठरू शकतो. थंडीच्या सहलीला अंगालगत सुती नकोच; पातळ मेरिनोचा एक थर, त्यावर स्वेटर.

लोकर टोचते ही तक्रार जाडीची आहे. ३० मायक्रॉनहून जाड तंतूची टोके कातडीला टोचतात. मेरिनो साधारण २४ मायक्रॉनच्या आत असते, लडाखच्या पश्मिना शेळीची लव त्याहून कितीतरी बारीक, १२ ते १६. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि राठ. घोंगडी तिचीच व्हावी आणि घोंगडीवरच बसावे-झोपावे. तिचे सूत आणून स्वेटर विणायचा उत्साह कोणी केलाच तर तो स्वेटर शर्टावरून घालावा. विकत घेताना मानेच्या बाजूला किंवा मनगटाच्या आत अर्धा मिनिट धरून पाहा. तळहाताला काही कळत नाही, तिथली कातडी जाड.

परळला हिवाळ्यात तिबेटी विक्रेत्यांचे स्वेटरचे स्टॉल लागतात. तिथला माल प्रामुख्याने लुधियानाचा, आणि प्रामुख्याने ॲक्रिलिक किंवा मिश्र. मुंबईच्या थंडीला आणि महाबळेश्वरला तो पुरतो, किमतीच्या मानाने चांगलाही असतो. फक्त लोकर समजून घेऊ नका. अस्सल लोकरीवर वूलमार्कची खूण पाहावी, रेशमावर २००४ पासून सिल्क मार्क असतो. रेशमी सुताचे विणलेले कपडे आपल्याकडे दुर्मीळ, महाग आणि घामाने डागाळणारे; मुंबईत त्या वाटेला जाऊ नये. लिननच्या सुताचे विणकाम सुरुवातीला ताठ वाटते, धुण्यागणिक मऊ होते आणि एप्रिल-मेला फार सुखाचे. परवडत असेल तर एसी ऑफिसात घालायला लिनन-कापूस मिश्रणाचे पातळ जाकीट विणून पाहा.

धुणे, वाळवणे, ठेवणे

‘आडवे पसरून वाळवा’ असे प्रत्येक लेबलावर लिहिलेले असते. ते लिहिणाऱ्याने काळाचौकीच्या अभ्युदयनगरची खोली पाहिलेली नसावी. पण सूचना खरी आहे. ओला सुती किंवा लोकरीचा स्वेटर खांद्यांनी टांगला तर पाण्याच्या वजनाने गुडघ्यापर्यंत येतो. उपाय असा: पिळायचा नाही, जाड पंचात गुंडाळून वळकटी करायची आणि तिच्यावर पाय देऊन उभे राहायचे. निम्मे पाणी पंचात जाते. मग दोन समांतर दोऱ्यांवर मधोमध आडवा टाकायचा, बाह्या वर घेऊन, म्हणजे वजन वाटले जाते. रात्री पंख्याखाली ट्रंकेवर पसरला तर सकाळी उलटायचा.

लोकरीच्या तंतूला बारीक खवले असतात. गरम पाणी आणि घासणे एकत्र आले की खवले एकमेकांत अडकतात आणि स्वेटर आटून नमदा होतो. तो पुन्हा मोठा होत नाही. गार पाणी, रिठा किंवा लोकरीचा सौम्य साबण, चोळणे अजिबात नाही. आणि धुवायचे पाणी नि खळबळायचे पाणी एकाच तपमानाचे ठेवा.

पावसाळ्यापूर्वी स्वेटर धुऊनच ठेवावा. कसर घामाच्या, खाण्याच्या डागांवर आधी जाते. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधला तर आतली ओल आतच राहून बुरशी येते. उशीचा जुना धुतलेला अभ्रा चांगला. कडुनिंबाचा पाला ठेवायला हरकत नाही, पण खरा उपाय म्हणजे श्रावणात उघडीप मिळाली की ऊन दाखवणे. तान्ह्या बाळाच्या कपड्यांत डांबरगोळी ठेवू नका. काही बाळांच्या रक्तातल्या दोषामुळे तिच्या वाफेचा त्यांना गंभीर त्रास होतो, आणि कोणत्या बाळात तो दोष आहे हे आधी माहीत नसते.

शेवटी खरेदीची एक गोष्ट. सुती सूत रंगवले जाते ते घाण्याघाण्याने, त्यामुळे त्याच नंबरचा रंगही पुढच्या घाण्यात सावलीभर बदलतो. सुट्या गुंड्यांत न दिसणारा तो फरक पाठ आणि पोट शिवून जोडले की उठून दिसतो. गुंड्याच्या पट्टीवर रंगाच्या क्रमांकाशेजारी लॉट क्रमांक असतो. सगळे सूत एकाच लॉटचे, एकदम, एखादा गुंडा जास्तीचा धरून घ्या. आणि न उघडलेला गुंडा परत घेणार का, ते पैसे देण्याआधी दुकानात विचारून घ्या.